बकडन पाइकवरचा पांढरा क्रॉस आणि वेलिंग्टन विमान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची कोल्हापूरची, आता लीड्सला राहते. बर्फ वितळून वाटा मोकळ्या झाल्या की इथल्या मराठी मंडळींना घेऊन यॉर्कशायर डेल्समध्ये बकडन पाइक चढायला जाते. माथ्याजवळ दगडी चौथऱ्यावर एक पांढरा क्रॉस उभा आहे. तिथे पोहोचलं की दर वेळी तेच प्रश्न निघतात. वाऱ्यात उभं राहून सगळं नीट सांगता येत नाही, म्हणून एकदा बैठक मारून लिहून काढलं आहे.

इथे नेमकं काय घडलं?

जानेवारी १९४२ च्या अगदी शेवटी ब्रिटिश हवाई दलाचं एक वेलिंग्टन बॉम्बर विमान, क्रमांक एन २८४८, बर्फाच्या वादळात या डोंगरावर आदळलं. विमानात सहा जण होते, सहाही पोलिश. चौघं जागीच गेले. पाचवा, सादोव्स्की, जबर जखमी होऊन पडला होता. सहावा, शेपटाकडच्या बुरुजात बसलेला तोफची युझेफ फुश्न्याक, पाय मोडलेल्या अवस्थेत मदत आणायला एकटाच निघाला. कोल्ह्याच्या पावलांचा माग काढत तो खाली क्रे नावाच्या वस्तीपर्यंत पोहोचला. मदत वर गेली तोवर सादोव्स्कीही राहिला नव्हता.

एवढ्या चार ओळींत ही गोष्ट संपते, आणि बरेच जण तिथेच थांबतात. पण तिच्यातला प्रत्येक धागा वेगळा उलगडून पाहण्यासारखा आहे.

विमान बॉम्ब टाकायला निघालं होतं का?

नाही, ते सरावाला निघालं होतं. वॉरिकशायरमधल्या ब्रॅमकोट तळावर १८ क्रमांकाची ‘ऑपरेशनल ट्रेनिंग युनिट’ होती. वैमानिक, दिशादर्शक, वायरलेसवाला आणि तोफची आपापलं काम आधी वेगवेगळ्या शाळांत शिकून यायचे. एकाच विमानात एकत्र काम करायला ते शिकायचे ते अशा युनिटमध्ये. इथून तयार झालेली तुकडी थेट लढाऊ स्क्वाड्रनमध्ये जायची. ब्रॅमकोटची युनिट खास पोलिश तुकड्यांसाठी होती. पोलिश हवाई दलाची ३००, ३०१, ३०४ आणि ३०५ ही चारही बॉम्बर स्क्वाड्रन १९४० च्या उन्हाळ्यात ब्रॅमकोटलाच उभी राहिली होती.

सरावातला सगळ्यात मोठा भाग म्हणजे लांब पल्ल्याचं उड्डाण. एका ठिकाणाहून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या ठिकाणी जायचं आणि घरी परतायचं, तेही ढगांत, रात्री, हिवाळ्यात. कारण जर्मनीवर जायचं तेही बहुतेक रात्रीच, आणि हिवाळ्यातसुद्धा. शिकणाऱ्यांना खराब हवेत पाठवत होते याचा राग येतो, मलाही येतो. पण ते शिकल्याशिवाय पुढे पाठवणं त्याहून वाईट ठरलं असतं, हेही तितकंच खरं आहे.

ब्रिटनच्या हवाई दलात पोलिश माणसं कशी आली?

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशिया अशी दोघांनी चाल केली. देश पडला, पण हवाई दलातली हजारो माणसं रुमानिया आणि हंगेरीतून निसटून फ्रान्सला पोहोचली. जून १९४० मध्ये फ्रान्सही पडला, तेव्हा तीच माणसं समुद्र ओलांडून ब्रिटनला आली. नवी भाषा, नवी विमानं, मैलांत आणि फुटांत मोजण्याची नवी पद्धत. घरच्यांची खबर नाही. या स्थितीत ती पुन्हा पहिल्या धड्यापासून शिकायला बसली.

गेलेल्यांची नावं काय होती? ती उच्चारायची कशी?

कुयावा, पोल्चिक, बिएगान्स्की, तोकाझेव्स्की आणि सादोव्स्की.

स्मारकावरची अक्षरं इंग्रजीच्या सवयीने वाचली की नावं बिघडतात. पोलिशमध्ये ‘जे’चा उच्चार ‘य’, ‘डब्ल्यू’चा ‘व’, ‘सी-झेड’ एकत्र आले की ‘च’ आणि ‘आर-झेड’ एकत्र आले की ‘झ’ होतो. त्यामुळे ‘कुजावा’ नव्हे, कुयावा. आपल्याकडे हे सगळे उच्चार आहेत, देवनागरीत लिहिताही येतात. इंग्रजांपेक्षा आपल्याला ते सोपे जातात. तेव्हा नावं नीट घ्या. परक्या देशात मेलेल्या माणसासाठी एवढं तरी आपल्याला करता येतं.

डोंगर फक्त ७०२ मीटर उंच आहे. एवढ्याशा डोंगरावर विमान आदळलं कसं?

हा प्रश्न सह्याद्रीत फिरलेले लोक हमखास विचारतात. कळसूबाई १,६४६ मीटर, त्यापुढे हा म्हणजे टेकाडच वाटतो. पण विमानाला डोंगर किती उंच यापेक्षा आपण किती खाली आलो आहोत हे महत्त्वाचं असतं.

त्या काळी दिशादर्शकाचा सगळा भरवसा गणितावर होता. वेग इतका, दिशा ही, वेळ इतका, वारा अमुक. म्हणजे आपण नकाशावर इथे असणार. जमीन दिसली तर नदी, रेल्वेमार्ग, गाव बघून गणित पडताळता यायचं. ढग असतील तर तेही नाही, आणि रात्री खाली ब्लॅकआउट, एक दिवा दिसायचा नाही. या गणितात वारा सगळ्यात बेभरवशाचा. उदाहरण घ्या : वाऱ्याचा अंदाज ताशी ४० किलोमीटरने चुकला, तर तासाभरात विमान ठरल्या जागेपासून ४० किलोमीटर भरकटतं. आत बसलेल्यांना काहीही जाणवत नाही. विमान सरळच चाललेलं असतं. उत्तर इंग्लंडमध्ये यॉर्कच्या सपाट मैदानापासून पश्चिमेच्या डोंगरांपर्यंतचं अंतर साधारण एवढंच आहे.

दुसरी गोष्ट उंचीमापकाची. हे यंत्र खरं तर उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजतं आणि त्यावरून उंची सांगतं. जमिनीलगत दाब एका मिलिबारने उतरला की काटा साधारण ८ ते ९ मीटर चढतो. उड्डाणाच्या वेळी यंत्र त्या तळावरच्या दाबाला लावलेलं असतं. वाटेत कमी दाबाच्या वादळी पट्ट्यात शिरलात आणि दाब २० मिलिबारने कमी असला, तर काटा खऱ्यापेक्षा दीडशे-पावणेदोनशे मीटर जास्त दाखवतो. म्हणजे ज्या हवेत काही दिसत नाही, नेमकं त्याच हवेत यंत्र तुम्हाला आहात त्यापेक्षा वर असल्याचं सांगतं.

आणि तिसरं, पंखांवर जमणारं बर्फ. ते विमान जड करतं, पंखांचा आकार बिघडवतं आणि वर चढणं अवघड करून सोडतं. मग माणूस ढगांच्या खाली उतरून जमीन शोधायला बघतो, आणि त्या ढगांतच डोंगर असतो.

ब्रॅमकोटपासून बकडन पाइक सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटर उत्तरेला आहे, वेलिंग्टनला तासाभराचीही वाट नाही. डोंगर उंच नव्हता, लांबही नव्हता. दिसत नव्हता, एवढंच.

फुश्न्याकच कसा वाचला?

तो शेपटाकडच्या काचेच्या बुरुजात होता. विमान समोरून आदळतं तेव्हा पुढचा भाग आणि मधला सांगाडा बराचसा धक्का खातो, शेपूट शेवटी थांबतं. त्यातही वेलिंग्टनची बांधणी निराळी होती. बार्न्स वॉलिस या अभियंत्याने तिचा सांगाडा धातूच्या पट्ट्यांच्या तिरप्या जाळीने विणला होता, टोपलीसारखा, आणि वरून कापड ताणून रंगवलेलं असायचं. एक बाजू फाटली तरी उरलेली जाळी भार पेलायची. अर्थात तीच बांधणी बाकीच्या पाचांना वाचवू शकली नाही.

एरवी शेपटातल्या तोफचीची जागा विमानातली सगळ्यात थंड आणि एकाकी. तासन् तास तिथे बसायचं, सोबत्यांचा फक्त आवाज कानात.

कोल्ह्याची गोष्ट खरी आहे का?

हो. ती मागाहून कोणी रचलेली नाही, वाचलेल्या माणसानेच सांगितलेली आहे.

चित्र असं डोळ्यांसमोर आणा. वादळ, सगळं पांढरं, उतार कुठल्या बाजूला आहे हेही कळत नाही. एक पाय मोडलेला. तो देश आपला नाही, खाली कुठलं गाव आहे की नाही, ठाऊक नाही. अशात बर्फात ताजी पावलं दिसली. फुश्न्याकने ती ओळखली. पोलंडच्या हिवाळ्यातला माणूस. कडाक्याच्या थंडीत रानात काही मिळेनासं झालं की कोल्हा खाण्याच्या आशेने माणसांच्या घरांकडे जातो, हे त्याला माहीत होतं. माग धरला तर घर सापडेल, असा त्याने हिशेब केला आणि बर्फातून फरपटत, सरपटत त्या पावलांमागे गेला. हिशेब बरोबर निघाला.

लोक याला चमत्कार म्हणतात. मला त्यात त्याचं जाणतेपण दिसतं. दिशादर्शनाचं सगळं शास्त्र त्या वादळात हरलं होतं, आणि लहानपणी गावाकडे बघितलेली एक साधी गोष्ट कामाला आली. सादोव्स्की वर जिवंत आहे, त्याच्यासाठी माणसं आणायची आहेत, हे डोक्यात ठेवून तो चालला होता. ही बाजू सांगायची राहून जाते आणि नुसता कोल्हा तेवढा उरतो, याचं मला वाईट वाटतं.

कोल्हा म्हणायचं की खोकड?

प्रश्न छान आहे, एका शाळकरी मुलाने विचारला होता. महाराष्ट्रात आपण ज्याला कोल्हा म्हणतो, जो रात्री शेताच्या कडेला कोल्हेकुई करतो, तो इंग्लंडमध्ये नाही. इथला प्राणी तांबूस अंगाचा, झुपकेदार शेपटीचा. आपल्याकडच्या खोकडाचा मोठा भाऊ म्हणा. काटेकोर बोलायचं तर खोकडच म्हणायला हवं. पण गोष्टी सांगताना मराठीत कोल्हा हाच शब्द रुळला आहे, म्हणून मीही तोच ठेवला.

त्याला घरात कोणी घेतलं?

क्रे इथल्या पार्कर कुटुंबाने. युद्धाचे दिवस, दारात रक्ताने माखलेला, मोडकं इंग्रजी बोलणारा परका सैनिक. त्यांनी त्याला आत घेतलं. क्रॉसवर गेलेल्या पाच जणांच्या स्मरणासोबत पार्कर कुटुंबाचे आणि आसपासच्या लोकांचे आभार कोरलेले आहेत. युद्धस्मारकावर शेजाऱ्यांचे आभार मी तरी दुसरीकडे कुठे वाचलेले नाहीत.

मदत लवकर का पोहोचली नाही?

वादळ होतं, अंधार होता, आणि डोंगरावरून माणसं उतरवून आणणारी तयार यंत्रणाच तेव्हा नव्हती. विमान पडलं की जवळच्या तळावरचे डॉक्टर, अँब्युलन्सवाले, पोलिस, मेंढपाळ, शेतकरी, जे हाताशी असतील ते निघायचे. पायात साधे बूट, हातात कंदील.

हे बदललं ते वेल्समध्ये. लँडरोग तळावरचे वैद्यकीय अधिकारी जॉर्ज ग्रॅहॅम स्वतः गिर्यारोहक होते. आसपासच्या डोंगरांवर पडणाऱ्या विमानांतली माणसं केवळ उशीर झाल्यामुळे मरतात हे त्यांनी पाहिलं आणि १९४३ मध्ये शिकवलेल्या, नीट साहित्य दिलेल्या तुकडीसाठी पाठपुरावा केला. त्यातून ब्रिटिश हवाई दलाची डोंगरी बचाव सेवा उभी राहिली. बकडन पाइकनंतर जेमतेम दीड वर्षाने.

असे अपघात फार होत होते का?

फार. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये सुमारे सव्वा लाख जण विमानांतून उडाले, त्यांतले ५५,५७३ मेले. पाच हजारांहून जास्त जण तर नुसत्या प्रशिक्षणात गेले, शत्रूचं तोंडही न बघता. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर इंग्लंडच्या डोंगरांवर आजही त्यांच्या खुणा भेटतात.

दोन ठिकाणं मला इथे सांगितलीच पाहिजेत. वेल्समध्ये ब्रेकन बीकन्सच्या वाउन रिद्द डोंगरावर ६ जुलै १९४२ ला सरावावरचं दुसरं एक वेलिंग्टन, आर १४६५, पडलं. पाचही जण कॅनडाचे. हिवाळा नव्हता, ऐन जुलै होता. ढगाला ऋतू लागत नाही. तिथे दगडांची रास रचलेली आहे आणि शेजारी विमानाचे तुकडे अजून पडलेले आहेत.

दुसरं स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, बेन मोर असिंट. १३ एप्रिल १९४१ ला किनलॉस तळावरचं ॲन्सन विमान सहा जणांना घेऊन सरावाला निघालं आणि बर्फाच्या वादळात नाहीसं झालं. महिन्याहून जास्त दिवसांनी, २५ मेला, एका मेंढपाळाला ते सापडलं. जागा इतकी दुर्गम की देह खाली आणता येईनात. सहाही जणांना तिथेच पुरलं. २०१३ मध्ये तिथे ग्रॅनाइटची शिळा बसवली, तीही हेलिकॉप्टरने न्यावी लागली. घरच्यांना त्या महिन्याभरात काय वाटलं असेल याचा विचार मी फार वेळ करू शकत नाही.

बकडन पाइकवर गेलेल्यांना कुठे पुरलं?

नॉटिंगहॅमशायरमधल्या नेवार्कच्या दफनभूमीत. तिथे पोलिश सैनिकांसाठी स्वतंत्र भाग आहे, साडेतीनशेच्या वर कबरी आहेत. युद्धकाळातले पोलंडचे पंतप्रधान जनरल सिकोर्स्की यांचा देहही १९४३ ते १९९३ इथेच होता, मग तो क्राकुवला नेला. दरवर्षी तिथे स्मरणाचा कार्यक्रम होतो, पणत्यांसारखे दिवे कबरींवर लावतात.

क्रॉस कोणी उभारला?

फुश्न्याकनेच. युद्धानंतर पोलंड सोव्हिएत सत्तेखाली गेलं, असंख्य पोलिश सैनिक परत गेले नाहीत. तोही इंग्लंडमध्येच राहिला. १९७३ मध्ये त्याने इथे हे स्मारक उभं केलं. चौथऱ्यात विमानाचे थोडे तुकडे बसवलेले आहेत. खाली वाकून बघा, नीट न बघणाऱ्याला दिसत नाही : तिथे एक लहानसं कोल्ह्याचं डोकं आहे.

एखादा तुकडा आठवण म्हणून आणता येईल का?

अजिबात नाही. ब्रिटनमधल्या १९८६ च्या कायद्याने लष्करी विमान जिथे पडलं ती जागा आपोआप संरक्षित होते. संरक्षण मंत्रालयाच्या परवान्याशिवाय तिथे खणणं, काही उचलणं गुन्हा आहे. ज्या ठिकाणी माणसं मेली तिथला पत्रा दिवाणखान्यात ठेवण्यात कसलं आलंय सुख? फोटो काढा, हात लावून बघा, परत या.

तिथे जायचं कसं?

रेल्वेने स्किप्टनपर्यंत. पुढे वार्फडेलमधून बकडन गावापर्यंत बस आहे, पण फेऱ्या मोजक्या. आधी वेळापत्रक बघाच. गाडी असेल तर सोपं. बकडनहून बकडन रेक नावाची जुनी वाट वर जाते, किंवा क्रेहून चढता येतं. माथा आधी लागतो. क्रॉस तिथून दक्षिणेला, धारेवरच्या भिंतीच्या कडेकडेने गेलं की. उतरताना स्टारबॉटनला जाऊन नदीकाठाने बकडनला परत आलात की फेरी पूर्ण होते. पाच-सहा तास हाताशी ठेवा. वर दलदलीची काळी माती आहे, काही ठिकाणी फरशा टाकल्यात, बाकी घोट्यापर्यंत चिखल.

राजगड-तोरणा केलेल्यांना चढ काहीच वाटणार नाही. पण इथली हवा सह्याद्रीची नाही. मे महिन्यातही ढग उतरले की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. नकाशा, होकायंत्र, उबदार कपडे, शिट्टी घ्या. मोबाइलवर विसंबू नका. या डोंगरावर काय झालं हे वाचूनही कोणी कॅनव्हासचे बूट घालून येतं, तेव्हा मला खरंच काय बोलावं सुचत नाही.

मुलांना नेलं तर चालेल?

आठ-नऊ वर्षांच्या पुढची, चालायची सवय असलेली मुलं, कोरडी हवा असेल तर जरूर. कोल्ह्याचं डोकं आधी त्यांनाच सापडतं.

पोलंडच्या लोकांत कोल्हापूरच्या बाईला एवढी आस्था का?

कारण पोलंड आमच्या गावाबाहेर पाच वर्षं राहून गेलं आहे. १९४० पासून सोव्हिएत सरकारने पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं सैबेरिया आणि कझाकस्तानला नेऊन टाकली. १९४१ मध्ये सुटका झाल्यावर ती इराणमार्गे बाहेर पडली. पुरुष पोलिश फौजेत गेले. बायका, मुलं, म्हातारी माणसं यांतली सुमारे पाच हजार कोल्हापूर संस्थानात पंचगंगेजवळ वळिवड्याच्या छावणीत आली. १९४३ ते १९४८ तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दुकानं होती. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले, आणि आज ज्याला आपण गांधीनगरचा कापडबाजार म्हणतो तो तिथेच वसला. लग्नाचा बस्ता बांधायला जाणाऱ्या कितीजणांना आपण पोलिश मुलांच्या अंगणातून चाललो आहोत हे ठाऊक असतं?

कोल्हापुरातही पोलिश कबरी आहेत. वॉर्सामध्ये तर कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. क्रे इथल्या पार्करांनी दार उघडलं आणि वळिवड्यात आमच्या लोकांनी जागा दिली. माझ्या आजीच्या तोंडी त्या ‘पोलंडच्या बाया’ असायच्या. त्या बाजाराला यायच्या, मराठीत घासाघीस करायच्या असं ती सांगायची. क्रॉसपाशी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला आधी तीच आठवली.

वर गेल्यावर फुलं-हार वाहावेत का?

ताजी फुलं वाहायला हरकत नाही, पण प्लॅस्टिक, जरीचे हार, अगरबत्त्यांची पाकिटं तिथे सोडू नका; वारा ती मेंढ्यांच्या चरण्याच्या जागी नेतो. लोक बहुधा कागदी लाल पॉपी (युद्धात गेलेल्यांच्या आठवणीचं फूल) किंवा लहान लाकडी क्रॉस ठेवतात, काही जण पोलंडचा पांढरा-लाल झेंडा. आमच्या गटात एकजण पाच नावं मोठ्याने वाचतो, आणि मग ज्याच्या डब्यात जे असेल ते भिंतीच्या आडोशाला बसून खातो. पुढच्या वेळी वाचायची पाळी कोणाची, ते तिथेच ठरतं. यायचं असेल तर आधी उच्चार पाठ करून या.